रिकाम्या जाळीचं वजन

सातपूर, नाशिक
गुरुवार

प्रिय छाया,

ही चिठ्ठी आमची फलक तुझ्या हातात देईल. तिला सांगितलं आहे, भाजी मागायची नाही, उत्तर मागायचं नाही, फक्त द्यायची आणि कॉलेजला जायचं. तू फोन उचलत नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही, मीही उचलला नसता. बोलायला गेले की मी भलतंच बोलते, हे आता तुला आणि तुझ्या गाळ्यासमोरच्या सगळ्या बाजाराला माहीत आहे. लिहिताना मी जरा बरी असते. निफाडच्या शाळेत बाई माझे निबंध वर्गात वाचून दाखवायच्या, हे मी तुला बारा वर्षांत निदान वीस वेळा सांगितलं असेल. दर वेळी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलंस. चष्मा लाव आणि सावकाश वाच. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. मला ते क्रमाने बघायचं आहे.

जूनमध्ये ट्रस्टच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून बघितलं आणि सांगितलं की फलकच्या वेळी जिथे टाके घातले होते तिथे आतून फाटलं आहे. हर्निया. ऑपरेशन फुकट होईल, पण त्यासाठीचे सर्जन बाहेरगावाहून तीन महिन्यांतून एकदा येतात, आणि वजन ब्याऐंशीच्या आत हवं. त्याच्या वर भूल देत नाहीत. मी त्र्याण्णव होते. त्र्याण्णवातून अकरा कसे काढायचे हे मला कळेना. कागद घेऊन मी सरळ तुझ्याकडे आले. तू मेथी निवडत होतीस. अकरा किलो म्हणजे किती गं, असं मी विचारलं, तर तू मागे रचलेल्या प्लास्टिकच्या जाळ्यांकडे वळून बघितलंस आणि म्हणालीस, अर्धी जाळी टोमॅटो. रोज दोन-दोन टोमॅटो उतरवायचे, भाभी, त्यात काय एवढं.

वजन बघायला घरी काटा नाही. मेडिकलबाहेर आहे, पण तिथे उभं राहिलं की सगळा रस्ता बघतो. जड बाई काट्यावर चढली की लोक आकडा नाही, बाई वाचतात. हे तुला सांगावं लागलं नाही. जाळ्या तोलायचा तुझा मोठा काटा तू टेम्पोच्या मागे ओढून नेलास, मखमलाबादहून आलेली रिकामी पोती आडवी टांगलीस आणि म्हणालीस, चढ. मी चपला काढल्या, चढले आणि म्हणाले, जाळीचं वजन वजा कर बरं का, माल तेवढा मोज. तू इतकी हसलीस की पोत्यावर बसलीस. गाळ्यावरून गिऱ्हाइकं हाका मारत होती. काय झालं म्हणून तुझ्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, दोनदा विचारलं. तू त्यांनाही सांगितलं नाहीस.

हॉस्पिटलातल्या डाएटच्या मॅडम चांगल्या होत्या. तरुण होत्या, मला ताई म्हणायच्या. त्यांनी छापील कागद दिला. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली आणि रंगीत ढोबळी मिरची, मध्ये बदाम, संध्याकाळी सूप, सगळं ऑलिव्हच्या तेलात. रहेमानची कंपनी तेव्हाच आठवड्याला तीन शिफ्टवर आली होती, म्हणजे नवऱ्याचा पगार निम्मा. शिलाईची कामं पावसाळ्यात तशीही कमी. किराणा आणि भाजी धरून आठवड्याला जे होतं त्यात त्या कागदावरचा फक्त सोमवार बसत होता. मी तो कागद तुला दाखवला तो हसायला म्हणून. तू हसली नाहीस. पेन मागितलंस. ब्रोकोली खोडून फ्लॉवरचे दांडे लिहिलंस, जे लोक तुझ्याकडेच तोडून टाकून जातात. ओट्सच्या जागी ज्वारीचं भरडं. ढोबळीच्या जागी गिलकं, दोडका, दुधी. सुपाच्या जागी मुळ्याचा पाला आणि त्याच्यापुढे कंसात ‘रोज येतो’ असं. बदामाशी तू जरा थांबलीस. मग लिहिलंस, मूठभर फुटाणे, मोजून. तो कागद अजून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेला आहे. पुढच्या खेपेला मी तो काढून नेला होता, तेव्हा मॅडमनी बघितला आणि कुणी लिहिलं असं विचारलं. माझ्या भाजीवाल्या मैत्रिणीने, असं सांगितलं, तर त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.

वजन उतरवायचं म्हटल्यावर मला एक गोष्ट दिसली, जी आधी दिसत नव्हती. स्वस्त असतं ते सगळं वजन वाढवणारं. रेशनचा तांदूळ, रेशनचा गहू, बटाटा, साखर, दहा रुपयांचे टोस्ट. पोट भरायला तेवढं पुरतं. बाकी सगळ्याला पैसे पडतात. दुसरी गोष्ट दिसायला आणखी दोन महिने गेले. मी एकटीचं वेगळं करायला लागले तेव्हा रात्रीचा भात उरायला लागला, पोळ्या उरायला लागल्या. मला कळेना, मी तर पूर्वीएवढंच रांधत होते. मग कळलं की पूर्वीही उरतच होतं. ते मी खात होते. फलकने टाकलेली अर्धी पोळी, रहेमानच्या डब्यातला परत आलेला भात, सकाळचं दुपारी, दुपारचं रात्री, वाया जाऊ नये म्हणून. वीस वर्षं मी भूक लागली म्हणून जेवले असेन असं वाटत नाही. माझ्या अंगावर होतं ते सगळं उरलेलं होतं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू हातातली जुडी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, माझ्याकडं बी तसंच हाय, फक्त मी रोज दिवसभर उभी राहते म्हणून दिसत नाय.

दर शनिवारी दुपारी मी यायची. बाजार थंड असायचा. तू काटा नव्याने चालू करायचीस, मी चढायची, तू आकडा माझ्या कानात सांगायचीस, जणू तो कुणी ऐकला तर चोरीला जाईल. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. साडेसत्त्याऐंशी. एका आठवड्यात चारशे ग्रॅम वाढलं. शेजारच्या लग्नात बिर्याणी खाल्ली होती, मी सांगायच्या आधीच तू विचारलंस, कुणाचं लग्न होतं. माझं वजन झालं की भाजी तोलायचीस आणि तोलून झाल्यावर वर मूठ टाकायचीस. कोथिंबीर, मिरच्या, कढीपत्ता सगळेच टाकतात. तू अर्धा किलो गवार दिल्यावर वर मूठभर गवारच टाकायचीस. मी नको म्हटलं की म्हणायचीस, भाभी, ही तुझी नाय, ही कोवळी निघाली म्हणून.

आता तो नोव्हेंबरचा शनिवार.

सर्जन त्या दिवशी येणार होते. रहेमानने बिनपगारी सुट्टी घेतली होती. आधीच्या शनिवारी मी चौऱ्याऐंशीवर दोनशे ग्रॅम होते. म्हणजे अजून सव्वादोन किलो उतरायचे बाकी होते. त्या आठवड्यात मी काय खाल्लं ते लिहीत नाही, मॅडमना कळलं असतं तर त्या ओरडल्या असत्या. हॉस्पिटलात दहाला पोचायचं होतं म्हणून मी सकाळी आठलाच तुझ्याकडे आले. तू खानावळीच्या माणसाला टोमॅटोच्या जाळ्या तोलून देत होतीस. एक जाळी तू नुकतीच काट्यावरून उचलली होतीस, ती तुझ्या हातातच होती. तू म्हणालीस, थांब भाभी, एवढ्या जाळ्या होऊ दे. मी थांबले नाही. रिक्षा उभी होती. पोती टांगायलाही मी थांबले नाही, चढले आणि म्हणाले, लवकर बघ. तू मान वळवून बघितलंस. एक्क्याऐंशी नऊशे. तुझ्या हातातून जाळी जवळजवळ पडली. तू मला मिठी मारलीस, तुझ्या हाताची माती माझ्या बुरख्याला लागली. नवसाबाईंनी एक नारळ काढून ठेवला, संध्याकाळी फोडू म्हणाल्या.

एका आठवड्यात सव्वादोन किलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण तो आकडा मला हवा होता.

हॉस्पिटलच्या काट्यावर त्र्याऐंशी सातशे भरलं. सिस्टरने मला उतरवून पुन्हा चढवलं. तेवढंच. भुलीचे डॉक्टर नाही म्हणाले, आवाज न चढवता. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईचं नाव पुकारलं गेलं. पुढची तारीख तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत. परत येताना रिक्षात रहेमानने एकच विचारलं. काट्याचा झिरो बघितला होतास का? तो रोज सकाळी मशीनवर बसला की आधी झिरो बघतो, त्याच्याशिवाय कामाला हात लावत नाही. मला ते झोंबलं. मी त्याला म्हणाले, मी बाई आहे, मशीनवर लावलेला जॉब नाही.

मग मी घरी न जाता तुझ्याकडे उतरले. साडेचार वाजले होते. शिफ्ट सुटलेली, बायका-पुरुष पिशव्या घेऊन उभे, तुझ्या गाळ्याला तीन रांगा. मी तिथे काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं आणि ते मी इथे लिहिणार आहे, कारण मी ते म्हणालेच नाही असं पुढे कधी मला वाटू नये. मी म्हणाले, तुझा काटा खोटा आहे. मी म्हणाले, जी मैत्रिणीला फसवते ती गिऱ्हाइकाला काय सोडते. हिरव्या साडीतल्या एका बाईने हातातले टोमॅटो हळूच परत ढिगावर ठेवले. दुसरा एक माणूस रांगेतून निघून गेला. तू मेथीची जुडी बांधत होतीस, ती बांधत राहिलीस. नवसाबाई तेवढ्या बोलल्या. म्हणाल्या, बारा वर्सं खाल्लं ना बाई आमचं, आज दिसला व्हय काटा. मला वाटत होतं की तू मला बरं वाटावं म्हणून आकडा कमी सांगितलास. माया म्हणून. आणि त्या मायेने माझी तारीख घालवली. तुला वाईट वाटावं असं मला वाटत होतं. भाजीवालीला तिचा काटा खोटा आहे असं म्हणणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच म्हणाले.

त्यानंतर मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भिमाजीकडे जायला लागले. तो माणूस वाईट नाही. काट्याला चोख आहे, अर्धा किलो म्हणजे पाचशे, पाचशे दहा झालं तर एक शेंग काढून घेतो. पहिल्याच आठवड्यात घरी भाजी पुरेना. तेवढीच गवार, तेवढेच पैसे, तीच तीन माणसं, आणि मंगळवारी पातेलं रिकामं. मला वाटलं फलक जास्त खाते. मग मी एकदा नीट विचार केला. बारा वर्षं मी अर्ध्या किलोचे पैसे देऊन पाऊण किलो घरी आणत होते, आणि त्यावर माझं घर चालवण्याचं कौतुक करून घेत होते. तुझा काटा खरा होता. हात सैल होता.

हिवाळा तसा मला सोपा गेला. पालक, मेथी, फ्लॉवर, सगळं उतरलं होतं. भाज्या स्वस्त झाल्या की माझ्यासारखीला डाएट परवडतं. द्राक्षं मात्र जड गेली. रहेमानचा मित्र पिंपळगावला पॅकहाऊसला आहे, तो घडातून गळालेले मणी पिशवीभर पाठवतो. फुकट, गोड, आणि ताटलीत समोर. मी रोज दहा मणी मोजून घेतले आणि उरलेले फलकला दिले. उरलेलं मी खात नाही आता.

आणि मग मागच्या महिन्यात, एका सकाळी, मी भिमाजीकडे उभी होते. खानावळीचा तोच माणूस त्याच्याकडे आला होता. भिमाजीने मोठ्या काट्यावर रिकामी जाळी ठेवली आणि एक बटण दाबलं. आकडा शून्य झाला. मग ती काढून त्याने भरलेली जाळी ठेवली, वीस, मग दुसरी. मधे त्याने काटा मोकळा केला तेव्हा मी आकड्याकडे बघत होते. उणे एक, आठशे. मी त्याला विचारलं हे काय. तो म्हणाला, जाळीचं वजन वजा करून ठेवलंय, भाभी, दर जाळीला कशाला मोजायचं. मी विचारलं, यावर माणूस उभा राहिला तर? तो म्हणाला, तर माणूस एक किलो आठशे कमी भरंल. मग हसला. म्हणाला, पण माणूस काय जाळीत बसून येतो का.

एक्क्याऐंशी नऊशे आणि त्र्याऐंशी सातशे. मी तिथेच बोटांवर वजाबाकी केली. एक किलो आठशे. तू मला खोटं सांगितलं नव्हतंस, मायेनेसुद्धा नाही. तू दिसला तो आकडा वाचलास. थांब म्हणाली होतीस, मी थांबले नाही. पहिल्या दिवशी मी गंमत म्हणून म्हणाले होते ना, जाळीचं वजन वजा कर. काट्याने शेवटच्या दिवशी तेवढं केलं. भिमाजी विचारत होता, गवार देऊ का. मी तशीच घरी आले. रहेमानला सांगितलं. तो म्हणाला, मग? मी म्हणाले, झिरो बघितला नव्हता.

तेव्हाच मी तुझ्याकडे यायला हवं होतं. दोनदा आले. वळणावरून परत गेले. दोन्ही वेळा तुझ्या गाळ्यावर मोजून तीन गिऱ्हाइकं होती, साडेचारच्या वेळेला. फलक मला सांगत होती, मी ऐकत नव्हते. तुझ्याकडून घेतलेली भाजी लोक समोरच्या किराणा दुकानात नेऊन पुन्हा तोलून बघतात. लहान काटा, मोठा काटा, लोकांनी फरक केला नाही. तिने आणखी सांगितलं की तू आता तोलताना काटा गिऱ्हाइकाकडे फिरवतेस आणि वर मूठ टाकत नाहीस. नुसती माफी मागायला आले असते तर तू मला तिथल्या तिथे माफ केलं असतंस, चहा मागवला असतास, नवसाबाईंनी दोन शब्द ऐकवले असते, आणि मी हलकी होऊन घरी आले असते. तुझं गिऱ्हाईक मात्र परत आलं नसतं. जे मी साडेचार वाजता बोलले ते दुपारी दोन वाजता, टेम्पोमागे, परत घेता येत नाही.

म्हणून मी थांबले. आज सकाळी हॉस्पिटलात गेले होते. एक्क्याऐंशी सहाशे. सिस्टरने दोनदा चढवलं, दोन्ही वेळा तेच. ऑपरेशन सोमवारी आहे. त्यांच्या शिक्क्याची वजनाची चिठ्ठी मी मागून घेतली, त्यांना कळेना कशाला हवी. परवा शनिवार. साडेचारला, शिफ्ट सुटते तेव्हा मी येईन. मोठा काटा टेम्पोमागे ठेवू नकोस, पोती टांगू नकोस. गाळ्यासमोर, रस्त्यावर ठेव. जाळी उतरव, शून्य कर आणि शून्य आलं की लोकांना दाखव. मग मी चपला काढून चढेन, आजच्याच कपड्यांत, आणि माझं वजन किती, ते का उतरवलं आणि मी तुला काय बोलले होते, ते सगळं तिथे उभी राहून सांगेन. आकडा तू वाचायचा नाहीस. ती हिरव्या साडीतली बाई दिसली तर हॉस्पिटलची चिठ्ठी तिच्या हातात देऊ आणि चिठ्ठीवरचा आणि काट्यावरचा, दोन्ही आकडे तिलाच मोठ्याने वाचायला सांगू. बघू दे सगळ्यांना. मला उतरायची घाई नाही.

तुझीच,
बिलकिस